लोभ असू दे

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक २१.

सोळावा अध्याय छोटा आहे, २४ श्लोकांचा. दैवी गुण कोणते आणि आसुरी गुण कोणते, हे त्यात सविस्तर येतं. मग शेवटाकडे येताना भगवंत आसुरी बाजूची सगळी यादी तीन शब्दांत बसवतात : काम, क्रोध आणि लोभ. ही नरकाची तीन दारं आहेत, माणसाचा स्वतःचाच घात करणारी, म्हणून ही तिन्ही सोडावीत, असं ते अर्जुनाला सांगतात.

खरं सांगू का, या श्लोकावरून मी आजवर भराभर पुढे जात आलो. काम आणि क्रोध यांच्यापाशी थोडं थांबायचो, कारण तिथे आपलं काहीतरी सापडतंच. लोभापाशी कधी थांबलो नाही. लोभ म्हणजे पैशाचा, जमिनीचा, खुर्चीचा. तो दुसऱ्यांना असतो. आपण पगारदार माणूस, आपल्याला कसला लोभ?

या वेळी मात्र त्याच शब्दावर अडकलो. कारण झालं एक साधा फोन.

रविवारी रात्री मी गडचांदूरला बाबांना फोन लावतो. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच असतात. आमची मुलगी सहा वर्षांची आहे. फोन ठेवताना ती शाळेत शिकल्यासारखं प्रत्येकाला म्हणते, "लव्ह यू." त्या दिवशी आजोबांनाही म्हणाली. बाबांच्या पिढीत हे वाक्य कुणी कुणाला म्हटलेलं नाही. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हो बेटा. लोभ असू दे, लोभ असू दे."

मला हसूच आलं. नातीच्या 'लव्ह यू'ला पोस्टकार्डाच्या शेवटच्या ओळीने उत्तर! बाबा पूर्वी खूप पत्रं लिहायचे. वर 'सा. न. वि. वि.', खाली 'कळावे, लोभ असावा ही विनंती'. तेच त्यांच्या तोंडात बसलेलं.

फोन झाल्यावर सवयीप्रमाणे दुसऱ्या दिवशीचा श्लोक काढला, तर समोर सोळाव्या अध्यायातला लोभ. नरकाचं दार! आणि हाच शब्द आत्ता माझ्या वडिलांनी माझ्या मुलीला प्रेमाने दिला होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? झोप लागेना. उठलो आणि शब्दांची मुळं शोधत बसलो.

जे सापडलं ते आधी सांगतो.

१७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी एक विचार मांडला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमधलं साम्य इतकं आहे की त्या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात, असं ते म्हणाले. इंग्रजी, जर्मन, रशियन या भाषाही त्याच कुळातल्या आहेत. पुढे याकोब ग्रिम या जर्मन पंडितांनी १८२२ मध्ये या कुळातल्या जर्मन शाखेत अक्षरं कशी बदलत गेली याचे नियम नीट मांडले. आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला हे फार आवडतं, कारण नियम एकदा कळला की तो लावून बघता येतो.

संस्कृतमधला 'भ' इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला 'ब' होऊन दिसतो : भ्राता आणि ब्रदर, भ्रू म्हणजे भुवई आणि ब्राउ. शब्दाच्या मध्ये आला तर तो आणखी मऊ होऊन 'व्ह' होतो : नाभी आणि नेव्हल.

आता हाच नियम 'लुभ्' या धातूला लावा. ल तसाच राहिला, भ चा व्ह झाला. लुभ्, लव्ह.

होय, इंग्रजीतला 'लव्ह' आणि आपला 'लोभ' हे सख्खे भाऊ आहेत. जुन्या इंग्रजीत तो शब्द 'लुफु' होता. जर्मनमध्ये 'लीबे', रशियनमध्ये 'ल्युबोव', लॅटिनमध्ये 'लुबेत' म्हणजे आवडतं, मनाला भावतं. सगळ्यांचं मूळ एकच : ओढ वाटणं, हवंसं वाटणं.

म्हणजे बाबांनी नकळत अगदी मुळापासूनचं भाषांतर केलं होतं. लव्ह यू आजोबा. लोभ असू दे बेटा.

एका मुळाच्या दोन फांद्या. इंग्रजीत तिला प्रेमाचं फूल आलं. संस्कृतमध्ये तीच फांदी हावेकडे वळली आणि शास्त्रकारांनी तिच्यावर नरकाच्या दाराची पाटी लावली. मराठीने मात्र दोन्ही अर्थ एकाच घरात ठेवले. 'त्याला पैशाचा लोभ सुटला' असंही आपण म्हणतो आणि 'लोभ असावा' असंही. गोड दिसणाऱ्या बाळाला 'लोभस' म्हणतो, तेव्हा त्यात नरक कुठेच नसतो.

आणि हे एकाच शब्दाचं नाही, बरं का. जरा बघा. शास्त्रात 'माया' म्हणजे भ्रम. आपल्याकडे आईची माया. शास्त्रात 'ममता' म्हणजे माझेपणा, 'हे माझं, हे माझं' म्हणणारी गाठ. आपल्याकडे ममता म्हणजे आईचं काळीज. शास्त्राने ज्या गोष्टी सोडायला सांगितल्या, त्यांचीच नावं आपल्या आजी-पणजींनी घरात प्रेमासाठी वापरली. त्यांना शास्त्र कळत नव्हतं म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. प्रेम आणि पकड एकाच ठिकाणी उगवतात, हे त्यांनी घर चालवताना पाहिलं असणार.

'राग' या शब्दाचं तर उलटंच झालंय. संस्कृतमध्ये राग म्हणजे आसक्ती, ओढ. म्हणूनच 'अनुराग'. मराठीत राग म्हणजे संताप! गीतेत 'वीतराग' शब्द आला की आपण पटकन 'ज्याचा राग गेला तो' असं समजतो, पण तिथे आसक्ती गेली असा अर्थ आहे. तरीही मराठीने फार चूक केली असं नाही. कारण दुसऱ्या अध्यायात, ६२ व्या श्लोकात, भगवंत हीच साखळी सांगतात : एखाद्या विषयाचा ध्यास घेतला की संग जडतो, संगातून काम येतो आणि कामातून क्रोध. ओढ अडवली की तिचा संताप होतो. संस्कृतचा राग मराठीचा राग व्हायला एवढाच वेळ लागतो.

इथे मी थांबलो, कारण हे माझ्याच घरात घडून गेलं होतं.

या पावसाळ्यात बाबा अंगणात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या काकूंनी पाहिलं, चार माणसं बोलावली, दवाखान्यात नेलं आणि मग मला फोन केला. मी रजा टाकून निघालो. पुण्याहून एक रात्र गाडीत आणि पुढे चंद्रपूरहून एसटी. त्या सगळ्या प्रवासात मी एकच गोष्ट ठरवत होतो : आता बाबांना पुण्याला न्यायचं. कायमचं. चर्चा नको.

बाबा म्हणाले, "तुया घरी मले काही कमी नाही, बापू. पण तिथं मले कोनी ओळखत नाही."

मी खूप समजावलं. मग चिडलो. मग वाट्टेल ते बोललो : तुम्हाला माझी काही पर्वा नाही, तिकडे मी रात्र रात्र झोपत नाही, तुम्ही हट्टी आहात. पडलेल्या माणसाला मी हे बोलत होतो. त्यावर बाबा काही बोलले नाहीत. परत येताना मी आणखी एक गोष्ट केली. ती लिहायला लाज वाटते, पण लिहितो. ओळखीच्या एकाला घराची किंमत काढायला सांगितली आणि गिऱ्हाईक असेल तर बघ म्हणालो. बाबांना न विचारता. घर बाबांच्या नावावर, त्यांनी सिमेंट कारखान्यातल्या पगारातून एकेक खोली वाढवत बांधलेलं. घरच राहिलं नाही तर त्यांना यावंच लागेल, असा माझा हिशेब.

मी स्वतःला सांगत होतो की हे सगळं प्रेमापोटी चाललंय. पण सोळाव्या अध्यायातले तिन्ही दरवाजे मी एका आठवड्यात उघडले होते. मला हवं होतं, हा काम. मिळालं नाही, आला क्रोध. मग दुसऱ्याचं आपल्या हातात घ्यायला निघालो, तो लोभ. वस्तू फक्त पैसा नव्हती. माझे वडील होते.

बाबा पुण्यात यावेत यात त्यांची काळजी किती आणि माझ्या झोपेची सोय किती? प्रामाणिकपणे मोजलं तर दुसरा भाग मोठा निघतो. त्यांना बरं वाटावं यापेक्षा मला निवांत वाटावं, ही ओढ जास्त होती.

यातून मला एक कसोटी मिळाली. ज्याला आपण प्रेम म्हणतो ते अडवलं गेलं की त्याचं काय होतं, ते बघावं. नाही म्हटल्यावर दुःख झालं तर ते प्रेम असू शकतं. संताप आला तर त्यात लोभ मिसळलेला आहे.

आता शब्दांची दुसरी अर्धी गोष्ट. पहिली नुसती सांगून सोडली तर अर्धवट राहील.

ग्रिमच्या नियमांतला आणखी एक नियम असा : संस्कृतमधला 'प' इंग्रजीत 'फ' होतो. पितृ आणि फादर, पाद आणि फूट. आता हा नियम 'प्री' या धातूला लावा. याच धातूपासून प्रिय, प्रीती आणि प्रेम हे शब्द आले. प चा फ केला तर काय मिळतं?

फ्री.

मला आधी वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. पण खरंच तसं आहे. इंग्रजीतला 'फ्री' म्हणजे मोकळा, स्वतंत्र, हा शब्द 'प्रिय'चा सख्खा भाऊ. 'फ्रेंड'ही त्याच मुळातून आला. त्याचा मूळ अर्थ 'प्रेम करणारा'. मोकळ्या माणसाला 'प्रिय' या मुळातला शब्द का मिळाला असेल? अभ्यासक सांगतात ते असं : जुन्या काळच्या घरात दोन प्रकारची माणसं असत, घरची जिवाभावाची माणसं आणि दास. जे आपले, जे प्रिय, ते मोकळे. दास तेवढे बांधलेले.

हे वाचल्यावर बाबांचं वाक्य मला पहिल्यांदा कळलं. "तिथं मले कोनी ओळखत नाही." गडचांदूर म्हणजे चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने असलेलं गाव. कामासाठी कुठून कुठून माणसं आली. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, हिंदी ऐकू येते आणि बाजाराच्या दिवशी माणिकगडाच्या बाजूने आलेल्या माणसांची गोंडी. बाबा या सगळ्यांशी थोडं थोडं बोलू शकतात. संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना असते, तिथे त्यांची बसायची जागा ठरलेली आहे. ते नाही दिसले तर कुणीतरी घरी येऊन बघतं. ते तिथे प्रिय आहेत, म्हणून तिथे मोकळे आहेत. माझ्या सातव्या मजल्यावरच्या घरात त्यांना गादी मऊ मिळेल, औषधं वेळेवर मिळतील. पण दार उघडून जायचं कुणाकडे?

तर असे हे दोन भाऊ. लोभ ओढून घेतो. प्रिय मोकळं ठेवतं. आपल्या मनात दोन्ही असतात, आणि बहुतेक वेळा एकाच माणसाबद्दल असतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शब्दाचं मूळ म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. हजारो वर्षांपूर्वी एक धातू होता म्हणून आज आपण कसं वागावं, हे काही त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी मला परत गीतेकडेच जावं लागलं. गेलो, आणि तिथे हे इतकं उघड लिहिलेलं होतं की इतकी वर्षं दिसलं कसं नाही याचं नवल वाटलं.

आधी बारावा अध्याय. १३ व्या श्लोकापासून भक्ताची लक्षणं सुरू होतात. तो कुणाचा द्वेष करत नाही, सगळ्यांशी मैत्रीने वागतो, करुणा बाळगतो, आणि त्याच दमात भगवंत म्हणतात, तो निर्मम असतो. मैत्री आहे, करुणा आहे, ममता मात्र नाही. म्हणजे जीव लावायचा, मालकी सांगायची नाही. असा भक्त मला प्रिय आहे, हे भगवंत पुढच्या श्लोकांमधून पुन्हा पुन्हा सांगतात. शब्द कोणता वापरतात, तर प्रिय. ज्ञानेश्वर माऊलीही पसायदानात जीवांसाठी मागतात ते परस्परांचं मैत्रच.

आणि मग अठरावा अध्याय. सातशे श्लोकांचा संवाद संपत आलाय. अर्जुनाने शस्त्र उचलावं, हे भगवंतांना हवं आहे. समोर उभा असलेला माणूस सखा आहे, शरण आलेला आहे. एक हुकूम पुरला असता. पण ६३ व्या श्लोकात ते काय म्हणतात? मी तुला गूढाहूनही गूढ ज्ञान सांगितलं. यावर पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसं कर.

त्यानंतर दोनच श्लोक गेले की, ६५ व्या श्लोकात, ते म्हणतात : तू मला प्रिय आहेस.

आधी मोकळीक, मग प्रिय. दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे. ज्याच्या हातात सगळं आहे, तोच म्हणतो, तुला वाटेल तसं कर. मग माझ्या हातात असं काय होतं, की मी बाबांना विचारायचंही टाळावं?

पण याचा अर्थ 'जाऊ दे, तुमचं तुम्ही बघा' असा नाही. भगवंत आधी अठरा अध्याय बोलले आहेत. अर्जुनाच्या प्रत्येक शंकेला उत्तर दिलंय, विश्वरूप दाखवलंय, काहीही लपवलेलं नाही. पूर्ण सांगून झाल्यावर मोकळं सोडणं वेगळं, आणि न सांगता अंग काढून घेणं वेगळं. मी तर तिसरंच करत होतो : न सांगता पकडत होतो.

शब्दांच्या या घराण्यात अजून एक सदस्य आहे, त्याचं नाव ऐकून मला रात्री दोन वाजता हसू आलं. आमच्या जर्मन सहकाऱ्यांच्या कॅलेंडरवर सुट्टीच्या दिवसांत 'उरलाउब' लिहिलेलं असतं. तो शब्दही या लव्हच्या मुळातला. इंग्रजीतला रजा या अर्थाचा 'लीव्ह'ही तिथलाच. त्याचा मूळ अर्थ परवानगी. सोडून जाणे या अर्थाचा लीव्ह निराळा, त्याचं घराणं दुसरं. विश्वास ठेवणे या अर्थाचा 'बिलीव्ह'सुद्धा याच मुळाचा, म्हणजे मनापासून जवळ धरणं. तेव्हा ओढ वाटणं, विश्वास ठेवणं आणि परवानगी देणं, हे तिन्ही एकाच झाडाचं. लोभातून बाहेर पडायला ओढ मारावी लागत नाही. तिच्या सोबत विश्वास आणि परवानगी यांना वाढू द्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी आधी त्या ओळखीच्या माणसाला फोन करून घराचं काम थांबवलं. मग बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. गिऱ्हाईकाचंही. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणालो, "बाबा, मला भीती वाटते. तुम्ही पडलात आणि कुणी पाहिलं नाही तर काय, हे रोज मनात येतं. तुम्ही इथे यावं असं मला अजूनही वाटतं. पण तुम्ही विचार करा, आणि तुम्हाला पटेल तसं करा."

बाबा म्हणाले, "घराचं सांगितलं ते बरं केलं." मग थोडं थांबून, "दिवाळी झाल्यावर पाहू."

एवढंच. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही नाही. न्हाणीघरात धरायला दांडी लावून घेतली, शेजारच्या काकूंकडे एक किल्ली ठेवली. सकाळ-संध्याकाळ मी फोन करतो. भीती गेलेली नाही. रात्री फोन वाजला की अजून धडकी भरते. पण त्या भीतीची किंमत आता मी बाबांकडून वसूल करत नाही.

आजचा संकल्प : ज्या माणसावर आपला फार जीव आहे, असं एक माणूस आज मनात आणावं. मुलगा असेल, नवरा-बायको असेल, म्हातारे आईवडील असतील. त्यांच्यासाठी आपण जे ठरवून ठेवलंय, ते त्यांना विचारलंय का? विचारलं नसेल तर आज विचारावं. आपली काळजी पूर्ण सांगावी, काही लपवू नये, आणि शेवटचा शब्द त्यांच्याकडे ठेवावा.

ओढ देवानेच दिली आहे. तिला पकड होऊ न देणं, तेवढं आपल्याकडे.

कळावे. लोभ असू दे.

जय गुरुदेव!